मोहिते बाईंची ओळख

मोहिते बाई समोरच्या माणसाशी बोलता बोलता एकदम खुर्ची फिरवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला वाटायचं, आपण काहीतरी वावगं बोललो. मग पाठमोऱ्या बाईंचा आवाज यायचा, "टाका पासवर्ड. झालं की सांगा." माणूस गडबडायचा. बहुतेकांना पासवर्ड टाकायचा नसायचाच. तो बाईंना सांगून मोकळं व्हायचं असायचं. कुणी सांगायला सुरुवात केली की बाईंचा हात वर जायचा. "मला सांगू नका. तुमचं ते तुमच्याकडे."

रत्नागिरीत तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत आमचं सेवा केंद्र होतं. उत्पन्नाचे दाखले, आधारातल्या दुरुस्त्या, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, पोरांचे प्रवेशाचे अर्ज, सगळं तिथं चालायचं. केंद्र बाईंच्या नावावर. शेजारच्या टेबलावर मी. बाई उंच, काटकुळ्या. सुती साडी, घट्ट अंबाडा आणि दोरीला अडकवलेला चष्मा. आवाज कधी चढत नसे, पण त्यात ओलावाही नसे. गल्लीत त्यांना खडूस म्हणायचे, आणि सुरुवातीचे काही महिने माझंही मत निराळं नव्हतं.

एक गोष्ट त्या न चुकता करायच्या. कुणी टेबलावर मोबाइल ठेवला की त्या विचारायच्या, "कव्हरमागे काय आहे?" मागे हमखास एखादी चिठ्ठी असायची, त्यावर एटीएमचा नंबर. बाई ती चिठ्ठी स्वतः उलगडून बघायच्या नाहीत. त्या माणसालाच फाडायला लावायच्या आणि तुकडे त्याच्याच खिशात घालायला सांगायच्या. "घरी जाऊन चुलीत घाला. माझ्या कचऱ्याच्या डब्यात नको." म्हातारी माणसं कुरकुरायची, आम्हाला लक्षात राहत नाही म्हणायची. बाई म्हणायच्या, "नातवंडांचे वाढदिवस राहतात ना लक्षात? पण तेही नंबर म्हणून नका ठेवू. ते सगळ्या गावाला माहीत असतात."

हा कडकपणा कुठून आला, हे मला फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाई मूळच्या चिपळूणकडच्या. वडील कोयना प्रकल्पावर कामाला, त्यामुळे बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं. घरात नाव कुंदा. शाळेत घालताना मास्तरांनी आपल्या मनाने कुमुदिनी लिहिलं. लग्न बौद्ध पद्धतीने झालं तेव्हा सासरच्यांनी करुणा ठेवलं. नवरा शाळेत कारकून होता, तो अचानक गेला आणि त्याच्या जागी नोकरी मागायला या गेल्या, तेव्हा कचेरीने विचारलं, या तिघींतली मेलेल्याची बायको कोण? जन्मदाखला एकीचा, शाळेचा दाखला दुसरीचा, लग्नाचा तिसरीचा. तिघी एकच आहेत हे सिद्ध करता करता नोकरीची मुदत निघून गेली. त्यांनी हे मला सांगितलं ते एकदाच, डबा खाताना. पुढे म्हणाल्या, "मी समोर उभी होते गो. मला बघायला कुणी मान वर केली नाही. सगळे कागदाकडे बघत होते."

म्हणूनच असेल, यंत्राने नाकारलेली माणसं त्यांना बघवत नसत. रत्नागिरीच्या आजूबाजूला काजूचे कारखाने आहेत. तिथे बी सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातलं तेल लागून लागून कातडी जळते आणि रेषा पुसल्या जातात. त्या अंगठा ठेवतात आणि यंत्र सांगतं, ठसे जुळत नाहीत. पार्वती मावशी अशीच एक. निराधार पेन्शनसाठी ती तीनदा दुसऱ्या केंद्रांवरून परत आली होती. तिथल्या एकाने तिला म्हणे सांगितलं, मावशी, तुम्ही तुम्ही नाय आहात. तिने ते हसत हसत सांगितलं, पण सांगताना दोन्ही हात पदराखाली लपवले होते.

बाईंनी ते हात बाहेर काढायला लावले. कोमट पाणी मागवलं, तिची बोटं धुतली, खोबरेल लावलं आणि बसवून ठेवलं. दहाही बोटं लावून बघितली. एकही जुळलं नाही. मग डोळ्यांचं यंत्र लावलं, तर एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसऱ्या डोळ्यासमोर बाई किती वेळ ते यंत्र धरून उभ्या होत्या, मी मोजलं नाही; बाहेर रांग ओरडायला लागली होती. एक मास्तर पुढे येऊन म्हणाले, "एका बाईसाठी आम्ही सगळ्यांनी थांबायचं काय?" बाई वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यासाठीही थांबतील सगळे. फक्त तुमच्यावर ही पाळी येऊ दे." डोळा जुळला. पार्वती मावशीने पडद्यावर आपला फोटो बघितला आणि बराच वेळ ती त्या फोटोकडेच बघत राहिली.

असं असल्यावर शत्रू होणारच. आमच्या भागात एक पुढारी आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. भाऊ एका दुपारी आले, चहा मागवला आणि म्हणाले, आपण माझ्या घरी शिबिर घेऊ, वाडीवाडीची माणसं गोळा करू, सगळ्यांचे अर्ज एकदम भरून टाकू. बाईंना यायचीही तसदी नको, फक्त त्यांचं लॉगिन तेवढं पोरांना द्यावं. बाईंनी नाही म्हटलं. भाऊंना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा समजावलं. लोकांचंच काम आहे, पुण्य लागेल. बाई म्हणाल्या, "माझ्या लॉगिनने जे होईल ते मी केलं असं होतं. मी तिथे नसताना मी काय काय करीन, मला कसं कळणार?" भाऊ हसले. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "केंद्र चालवायचं असतं, मॅडम. भांडायचं नसतं." त्यानंतर आठवडाभर आमच्या दोघींचं बोलणं कमीच झालं. दारात कुणाची सावली पडली की मी दचकायचे. बाई दचकत होत्या की नाही, कळायचं नाही.

आणि मग काझी सरांचा तो दिवस आला.

काझी सर म्हणजे किनाऱ्यावरच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीतल्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी शिकवलेलं. मुलगा इम्रान आखातात एका गोदामात कामाला. इथे सर आणि त्यांची बायको. सरांचं मराठी इतकं शुद्ध की अर्जात चुकून ऱ्हस्व-दीर्घ बिघडलं तर ते आमच्याकडून परत लिहून घेत. आत आले की आधी सगळ्यांची विचारपूस, मग काम.

त्या सकाळी ते आले आणि कुणाशीच बोलले नाहीत. प्रवेशाचे दिवस होते, केंद्रात पोरांची गर्दी. सर सरळ बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, एका कानात वायर. म्हणाले, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा आहे. जुना नंबर मुलाकडे असतो, आता हा नवा हवा. नंबर त्यांनी इंग्रजी आकड्यांत सांगितला. बाईंनी विचारलं, मुलगा बरा आहे ना? सर म्हणाले, "घरगुती कारण आहे. लवकर करा."

बाईंनी वर बघितलं. नंबर बदलायचं कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

मला तेव्हा काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की सर फार ताठ उभे आहेत, फोटो काढताना उभे राहतात तसे. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. सदऱ्याच्या खिशातून मोबाइल अर्धा वर आलेला, आणि त्याचा कॅमेरा आमच्याकडे. बाईंची नजर त्या खिशावर क्षणभर थांबली आणि लगेच हटली. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, सर्व्हर हळू चालतोय, जरा वेळ लागेल. मला म्हणाल्या, "मृणाल, तुझ्या मशीनवर चालतंय का बघू दे."

सर्व्हर व्यवस्थित चालत होता. बाई उठून माझ्या टेबलाकडे आल्या. माझा पडदा सरांच्या डाव्या हाताला होता. खिशातल्या कॅमेऱ्याला तो दिसणं शक्य नव्हतं, पण सरांनी नुसते डोळे वळवले तर त्यांना वाचता आलं असतं. बाईंनी एक कोरी खिडकी उघडली, अक्षरं मोठी केली आणि टाइप केलं, "फोन चालू आहे का? असेल तर डोळे मिटा."

सरांची मान हलली नाही. डोळे तेवढे वळले. त्यांनी वाचलं. मग डोळे मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले. पापण्यांखालून पाणी येऊन गालावर ओघळलं.

अशा गोष्टी आम्ही ऐकून होतो. फोनवर पोलिसाच्या वेषात कुणी येतो, तुमच्या नावाने गुन्हा झालाय म्हणतो, कुणाला सांगाल तर आणखी फसाल म्हणतो, आणि माणसाला त्याच्याच घरात कोंडून ठेवतो. ऐकताना वाटायचं, शिकलेली माणसं फसतात तरी कशी.

बाई तोंडाने सर्व्हरला नावं ठेवत होत्या आणि हातांनी टाइप करत होत्या. "हे पोलीस नाहीत. पोलीस फोनवर अटक करत नाहीत." सरांनी डोळे उघडून वाचलं आणि अगदी किंचित मान हलवली. नाही. तेवढ्यात त्यांच्या कानात कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "हो साहेब. इथेच आहे साहेब." रांगेतली पोरं वळून बघायला लागली. शाळेत ज्यांना बघून सगळं आवार गप्प व्हायचं, तो माणूस हवेत बघून साहेब साहेब म्हणत होता.

बाईंनी पुढचं टाइप केलं. "इम्रानबद्दल काही सांगितलं का?" सरांनी पुन्हा डोळे मिटले. मग त्यांनी टेबलावरची टाचण्यांची डबी सरकवली, जणू बाजूला करतायत, आणि दोन्ही मनगटं क्षणभर एकमेकांवर ठेवली. इम्रानला पकडलंय.

सरांच्या हालचालीवर फोनमधला माणूस लक्ष ठेवून होता. ज्या क्षणी त्याला संशय आला असता, त्या क्षणी सरांनी तिथून निघून जायचं ठरलेलं असणार, आणि सर गेले असते. त्यांना हाताला धरून थांबवणं कुणाला जमलं असतं, मला नाही वाटत. त्यांचा विश्वास खिशातल्या माणसावर होता, आमच्यावर नव्हता.

बाईंनी मला कोपराने ढोसलं आणि पडद्यावर लिहिलं, "इम्रानचा नंबर. झेरॉक्सवाला." शेजारचा झेरॉक्सवाला इम्रानच्या वर्गातला. मी चहाचा कप उचलून बाहेर गेले. त्याला काय सांगितलं ते मलाच आठवत नाही, पण त्याने नंबर काढून दिला. मी गल्लीतच व्हिडिओ कॉल लावला. रिंग जात राहिली. उचलला नाही. परत लावला. आत बाईंचा आवाज येत होता: सर, उजवा अंगठा ठेवा. नाही लागला. पुसून ठेवा. परत. एका साध्या कामाला त्यांनी इतकं लांबवलं की रांगेतली एक पोरगी रडकुंडीला आली.

तिसऱ्यांदा इम्रानने उचलला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे खोक्यांच्या थप्प्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि भराभर सांगितलं, बोलू नकोस, तुझ्या अब्बांना कुणीतरी फोनवर धरून ठेवलंय, तू अटकेत आहेस असं त्यांना वाटतंय. फक्त त्यांना दिस. त्याने मान हलवली. मी आवाज बंद केला आणि आत आले.

बाईंनी माझ्या हातातला मोबाइल डाव्या बाजूने, सरांच्या खांद्याजवळ धरायला लावला. सरांनी डोळे वळवले.

इम्रान गोदामात उभा होता. त्याने आपले दोन्ही मोकळे हात वर करून दाखवले. मग हात जोडले. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण अब्बा, अब्बा एवढं कुणालाही वाचता आलं असतं.

सर इतका वेळ ताठ उभे होते, ते हळूहळू खुर्चीत बसले. खिशातला मोबाइल काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि कानातली वायर ओढली. आता फोनमधला माणूस आम्हा सगळ्यांना दिसला. खाकी कपडे, मागे झेंडा, टेबलावर नावाची पाटी. तो हिंदीत ओरडत होता, कॅमेरा का हलवला, शेजारी कोण आहे, बेटे का सोचो. मी फोन बंद करायला हात पुढे केला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्हीच बंद करा."

मला तेव्हा बाईंचा राग आला. म्हाताऱ्या माणसासमोर तो राक्षस ओरडतोय, आणि या आपला नियम पाळतायत. सरांचं बोट लाल खुणेपर्यंत गेलं आणि परत आलं. फोनमधला माणूस आता मवाळ झाला होता, काझीसाहेब म्हणत होता, तुमच्या भल्याचं सांगतोय म्हणत होता. सरांनी माझ्या हातातल्या इम्रानकडे बघितलं. मग मोबाइलकडे बघून, वर्गात बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "माझा मुलगा समोर उभा आहे." आणि त्यांनी बोट दाबलं.

बाईंनी रांगेला शांतपणे सांगितलं, अर्धा तास थांबा, आणि दार लोटलं.

सर पाणी प्यायले. आदल्या सकाळपासून तो फोन चालू होता. रात्री उशाशी ठेवून झोपायचा हुकूम होता. काही रक्कम आदल्या दिवशीच पाठवून झाली होती. उरलेली ठेव मोडायला बँकेचं अॅप आधारच्या नंबरवर ओटीपी पाठवत होतं, आणि तो नंबर इम्रानकडे, म्हणून नंबर बदलायला पाठवलेलं. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्यांनी आधी माझं पूर्ण नाव वाचलं, बाई. मग म्हणाले, तुझ्या नावाच्या माणसाने असा गुन्हा केलाय म्हटल्यावर कोण तुझं ऐकेल. मला ते खरं वाटलं. बाकी काही पटलं नसतं. ते पटलं."

बाईंनी त्यावर काही समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "चला पोलीस ठाण्यात." सर हादरले. पोलिसांच्या भीतीनेच तर हे झालं होतं. ते म्हणाले, गेलं ते गेलं, घरी सोडा. बाई म्हणाल्या, जितक्या लवकर सांगू तितके पैसे वाटेत अडतील, आणि नाही अडले तरी सांगायचं. बराच वेळ हे चाललं. शेवटी सर उठले ते पटलं म्हणून नव्हे; नाही म्हणायची ताकद उरली नव्हती म्हणून.

ठाण्यात सर आपलं नाव सांगताना अडखळले. हवालदाराने दुसऱ्यांदा विचारलं, मग बाईंकडे बघून म्हणाला, "तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मी यांना ओळखते."

हवालदाराने पेन ठेवलं, सरांना खुर्ची दिली आणि तक्रार नीट घेतली. काही पैसे अडले, काही गेले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. सर त्यानंतर घराबाहेर पडेनात. मोहल्ल्यात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आम्हीही नाही. पण त्या दिवशी रांगेत जी पोरं होती, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून गोष्ट भाऊंपर्यंत पोचली, ती वेगळ्याच रूपात. महिन्याभरात बाईंविरुद्ध तक्रार गेली. भर कामात केंद्र बंद ठेवलं, नागरिकाचं काम जाणूनबुजून अडवलं, त्याच्या खाजगी गोष्टीत ढवळाढवळ केली. चौकशी होईपर्यंत बाईंचा आयडी बंद. सकाळी त्यांनी लॉगिन केलं आणि पडद्यावर आलं, वापरकर्ता वैध नाही. बाई ती ओळ वाचत बसल्या. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती बघितली ती त्या एकाच वेळी.

मी म्हटलं, काझी सरांनी येऊन दोन वाक्यं सांगितली तर सगळं मिटेल. बाई म्हणाल्या, "त्यांना विचारायचं नाही." मी म्हटलं, पण का? "कारण ते नाही म्हणू शकणार नाहीत. त्या फोनवाल्यालाही ते नाही म्हणू शकले नाहीत." मी बाईंचा शब्द मोडला नाही.

चौकशीच्या दिवशी कचेरीत भाऊ, त्यांची दोन माणसं, चौकशी करणारे साहेब आणि आम्ही दोघी. भाऊंचं बोलणं साखरेसारखं. साहेबांनी बाईंना विचारलं, त्या नागरिकाचं काम का अडवलं? बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. त्यांची गोष्ट आहे." साहेबांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. बाईंचं उत्तर तेच. मी माझ्या खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. बोलावं तर बाईंशी बेइमानी, गप्प बसावं तर त्यांचं केंद्र जातं.

दार उघडलं आणि काझी सर आत आले. मागे इम्रान, तो सुट्टी काढून आला होता. त्यांना कुणी सांगितलं हे मला अजून नक्की माहीत नाही. झेरॉक्सवाल्यावर माझा संशय आहे. सर खुर्चीवर बसले नाहीत. उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, अगदी आपण हवेत बघून साहेब म्हणालो तेही. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं जमली होती, त्यात मोहल्ल्यातली चारजण होती, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आवाज खाली केला नाही. शेवटी म्हणाले, "या बाईंनी माझं काम अडवलं हे खरं आहे. म्हणून मी इथे उभा आहे."

आयडी चालू झाला. पण मधल्या काळात बाईंचं मन त्या गल्लीतून उठलं होतं. केंद्र बंद होतं तेव्हा त्या वाड्यांवर जायला लागल्या होत्या, जी माणसं अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्याकडे. त्यांनी टेबल मला दिलं आणि स्वतः फिरतीचं काम घेतलं. मग दिवाळीनंतर एका पहाटे त्यांना छातीत दुखायला लागलं आणि त्या गेल्या. त्यांच्या मुलीने पनवेलहून फोन करून मला सांगितलं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याआधी थोडेच दिवस. मी एसटीने गणपतीपुळ्याकडे चालले होते. आरे-वारेच्या चढावर गाडी हळू झाली, आणि खाली डोंगराच्या उतारावर, जांभ्याच्या पायवाटेने, मला त्या दिसल्या. खांद्याला यंत्राची पिशवी. त्यांच्या मागून काझी सर उतरत होते. किनाऱ्यावरच्या गावांतली प्रत्येक घरातली म्हातारी त्यांच्या कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याची आई, त्यामुळे अशा फेरीत ते बरोबर जायचे. वारा खूप होता. सरांची टोपी उडाली आणि उतारावरून घरंगळायला लागली. बाईंनी पिशवी दगडावर ठेवली, निऱ्या वर खोचल्या आणि त्या टोपीमागे धावल्या. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. करवंदीच्या जाळीशी त्यांनी ती पकडली, झटकली आणि वर धरून दाखवली. सर कमरेवर हात ठेवून हसत होते. बाई काहीतरी ओरडून बोलल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. त्यांचे सगळे दात दिसत होते.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तोवर गाडीने वळण घेतलं.